‘एशिया’ नाशिकला आली: जुन्या युद्धनौकेची प्रिंट परदेशातून मागवताना

शिडाच्या युद्धनौकांची जुनी चित्रं आवडणारे लोक आपल्याकडे मला वाटलं होतं त्यापेक्षा बरेच आहेत. आमच्या हॉलमधल्या प्रिंटबद्दल ओळखीतल्या ज्यांना ज्यांना कळलं, त्यांनी साधारण तेच प्रश्न विचारले. कुठून घेतली, खरी आहे हे कसं ओळखलं, कस्टममध्ये अडकली नाही का, ड्युटी किती, आणि फ्रेम नाशिकमध्येच केली का. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा सगळं सलग लिहिते आहे. शोध सुरू केला जानेवारी 2024 मध्ये, आणि प्रिंट भिंतीवर लागली ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. मधला बराचसा काळ वाट पाहण्यात गेला, हे आधीच सांगते. घाई असेल तर या वाटेला जाऊ नका.

मला हवी होती ती ‘एचएमएस एशिया’. 84 तोफांची ही नौका मुंबईच्या गोदीत सागवानात बांधली गेली आणि 1824 मध्ये पाण्यात उतरली. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले, आणि त्यांच्या घराण्याने पुढे पिढ्यान् पिढ्या त्या गोदीत जहाजं बांधली. जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेली, 1817 ची ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. ‘एशिया’ तेवढी नशीबवान नाही, ती 1908 मध्ये मोडीत निघाली. पण 20 ऑक्टोबर 1827 रोजी ग्रीसच्या नवारिनोच्या उपसागरात ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन आरमार मिळून तुर्की-इजिप्शियन आरमाराशी लढलं, तेव्हा ब्रिटिश अॅडमिरल कॉड्रिंग्टनचा झेंडा होता तो या मुंबईच्या जहाजावर. निव्वळ शिडाच्या जहाजांनी लढलेली ती शेवटची मोठी लढाई मानली जाते. लढाईची बातमी पोचल्यावर लंडनच्या प्रकाशकांनी तिची चित्रं छापून विकायला काढली. त्या चित्रांच्या खाली अॅडमिरलचं नाव असतं, चित्रकाराचं असतं, प्रकाशकाचा पत्ताही असतो. जहाज बांधणाऱ्यांचं नसतं. मला ते जहाज घरात हवं होतं त्याचं खरं कारण हेच.

त्याआधी दुसऱ्याच एका चित्राने मला बरेच दिवस धरून ठेवलं होतं. ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये डॉमिनिक सेरेस या चित्रकाराचं विजयदुर्गाच्या पाडावाचं चित्र आहे. फेब्रुवारी 1756 मध्ये अॅडमिरल वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हचं सैन्य विजयदुर्गावर आलं, आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार तिथे जळालं. पेशवे त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने होते. चित्र म्हणून ते उत्तम आहे. पण रोज सकाळी चहा घेताना समोर ते बघायचं, हे मला जमलं नसतं. शिवाय नवी मिळते ती संग्रहालयातल्या मूळ चित्राच्या फोटोवरून छापलेली प्रत, आणि मला त्या काळात छापलेला कागद हवा होता. ज्यांना फक्त चित्र हवं आहे त्यांनी मात्र संग्रहालयांच्या अशा प्रती जरूर घ्याव्यात. स्वस्त पडतात, रंग चांगले असतात आणि पुढे मी जे लिहिणार आहे त्यातला निम्मा त्रास वाचतो.

आता मुख्य मुद्दा. प्रिंट घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारायचा तो एकच: ही छापली कशी आहे? किंमत, कस्टम, फ्रेम, सगळं या उत्तरावर ठरतं. हे मला शिकवलं आमच्या बाबांनी. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. नोटांच्या छपाईत आयुष्य गेल्यामुळे कागद हातात आला की आधी बोट फिरवणार, मग उजेडाकडे धरणार आणि मगच त्यावर काय आहे ते बघणार. त्यांना नौकांमध्ये काडीचा रस नव्हता, पण ‘तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं’ एवढं ऐकल्यावर ते माझ्याइतकेच या शोधात उतरले.

ढोबळमानाने बाजारात तीन प्रकार दिसतात. पहिला, जुन्या काळी तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावर हाताने कोरून किंवा आम्लाने खाऊन, नाहीतर दगडावर रेखाटून छापलेल्या मूळ प्रिंट. दुसरा, अलीकडच्या चित्रकारांच्या मर्यादित प्रती, खाली पेन्सिलीने सही आणि 212/500 असा आकडा. तिसरा, मागणीप्रमाणे इंकजेटवर छापलेल्या प्रती. दुसऱ्या प्रकारात नीट लक्ष द्यावं लागतं, कारण त्यातल्या बऱ्याच प्रिंटना ‘लिथोग्राफ’ म्हणतात, आणि त्याचा अर्थ असतो साधी ऑफसेट छपाई. त्यात वाईट काही नाही. सही खरी असते, कागदही चांगला असतो. पण दगडावरून छापलेल्या जुन्या लिथोग्राफशी तिचा संबंध नाही, आणि किंमत ठरवताना हे ध्यानात असावं. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. शे-दोनशे रुपयांत मिळतं. ऑफसेटमध्ये आकाशाच्या भागात ठिपक्यांची एकसारखी, फुलांसारखी नक्षी दिसते. जुन्या अक्वाटिंटमध्ये, म्हणजे पत्र्यावर आम्लाने दाणेदार छटा उठवून छापलेल्या चित्रात, दाणे वेडेवाकडे असतात, भेगाळल्यासारखे, आणि त्यावर हाताने फिरवलेला रंग रेषेच्या थोडा बाहेर गेलेला दिसतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मी इंग्लंडमधल्या काही जुन्या प्रिंट विकणाऱ्यांना मेल पाठवले. उत्तरं बहुतेकांनी दिली, आणि सविस्तर दिली. मेलमध्ये मी हे विचारत होते: छपाईचं तंत्र कोणतं, रंग त्याच काळात भरलेले की नंतर, कडा छाटल्या आहेत का, फाटलेलं किंवा दुरुस्त केलेलं काही आहे का, कागद मागून कशावर चिकटवला आहे का, आणि उजेडावर धरून काढलेला फोटो मिळेल का. शेवटचा प्रश्न बाबांचा. त्या फोटोने काम केलं. मला पसंत पडलेल्या अक्वाटिंटच्या कागदात ‘जे. व्हॉटमन’ हा कागद बनवणाऱ्याच्या नावाचा जलचिन्हाचा (वॉटरमार्कचा) मजकूर आणि त्याखाली 1827 हे साल दिसत होतं. चित्राखालच्या प्रकाशनाच्या ओळीत साल होतं 1828. कागदाचं साल छपाईच्या आधीचं, म्हणजे हिशोब जुळत होता. जलचिन्हातलं साल प्रकाशनाच्या नंतरचं निघालं तर ती प्रत जुन्या पत्र्यावरून पुढे कधीतरी काढलेली समजायची. पत्रे टिकतात, आणि प्रकाशक त्यांच्यावरून वर्षानुवर्षं प्रती काढत.

ती प्रकाशनाची ओळ प्रिंट छाटताना बऱ्याचदा उडवलेली असते, म्हणून खालच्या पट्टीचा वेगळा फोटो मागा. अठराव्या शतकातल्या इंग्लंडच्या कायद्याने कोरीव चित्रांना संरक्षण मिळालं ते पत्र्यावर नाव आणि प्रकाशनाची तारीख कोरण्याच्या अटीवर. त्यामुळे आपल्याला आयतीच तारीख मिळते. 

विक्रेत्याने दोष लपवले नाहीत. खालच्या समासात एक छोटी फाट होती, मागून पातळ कागद लावून दुरुस्त केलेली. आकाशात तांबूस ठिपके होते, जुन्या कागदावर दमटपणाने येतात तसे. त्यामुळेच किंमत माझ्या आवाक्यात आली होती: 180 पौंड, आणि विम्यासकट कुरिअरचे 42. तेव्हाच्या दराने साधारण साडेतेवीस हजार रुपये. क्रेडिट कार्डने पैसे भरले. आपल्या बँका परदेशी व्यवहारावर तीन-साडेतीन टक्के आणि वर त्यावर जीएसटी घेतात, तो हजारभर रुपयांचा खर्च धरून चाला. कार्डावर परदेशी व्यवहार आधी अॅपमधून सुरू करावे लागतात.

पैसे भरण्याआधी मी एक रात्र थांबले, आणि तुम्हीही थांबा. कारण शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू आपल्या 1972 च्या पुरावशेष कायद्याच्या व्याख्येत येते, आणि अशी वस्तू देशाबाहेर पाठवणं खासगी माणसाला मोकळं नाही. ‘आवडली नाही तर परत पाठवू’ हा ऑनलाइन खरेदीतला सवयीचा विचार इथे बाजूला ठेवावा लागतो. जे काही पारखायचं ते फोटोंवरून, मेलवरून, आधी.

16 एप्रिलला विक्रेत्याने पार्सल पाठवलं. जुना कागद गुंडाळून नळीत पाठवू नका, सपाट, दोन कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून पाठवा, असं मी लेखी कळवलं होतं. आधुनिक प्रिंट नळीत चालतात, जुन्या कागदाला मोडीची रेष पडते. बिलावर काय लिहायचं तेही विनंती करून ठरवून घेतलं: ‘मूळ अक्वाटिंट, हाताने रंगवलेलं, लंडन 1828, वैयक्तिक वापरासाठी’.

हे चार शब्द पुढे फार उपयोगी पडले. पार्सल मुंबईत पोचल्यावर आधी केवायसीसाठी लिंक आली. आधार आणि पत्त्याचा पुरावा टाकला. वैयक्तिक वापरासाठी एखादी वस्तू मागवताना आयात परवान्याचा आयईसी क्रमांक लागत नाही, ही शंका मला बऱ्याच जणांनी विचारली म्हणून सांगते. त्यानंतर काही दिवस ट्रॅकिंग एकाच ओळीवर थांबलं. त्या दिवसांत मी कामावर असताना सुद्धा दर तासाला फोन उघडून बघत होते, आणि दोनशे वर्षांचा तो कागद कुठल्यातरी गोदामात मे महिन्याच्या उकाड्यात पडलाय या विचाराने जीव खाली-वर होत होता. मग मेल आला: बिल, पैसे भरल्याचा पुरावा, आणि वस्तू फोटोयांत्रिक पद्धतीने, म्हणजे फोटोवरून यंत्राने, छापलेली आहे का याचा खुलासा पाठवा.

पुन्हा तोच प्रश्न, छापली कशी. कस्टमच्या वर्गीकरणात मूळ कोरीव चित्रं, प्रिंट आणि लिथोग्राफ 97 व्या प्रकरणात येतात. कलावंताने हाताने केलेल्या पत्र्यावरून किंवा दगडावरून थेट काढलेली प्रत तिथे बसते, यांत्रिक किंवा फोटोयांत्रिक पद्धतीने केलेली नाही. पोस्टर, ऑफसेट छापील चित्रं वगैरे 49 व्या प्रकरणात जातात. मी अर्ध्या पानाचा खुलासा लिहिला. त्यात तंत्र, साल आणि छापताना पत्र्याच्या कडेने कागदात उमटलेल्या दाबखुणेचा उल्लेख केला, सोबत विक्रेत्याचं वर्णन, जलचिन्हाचा फोटो आणि कार्डाचं स्टेटमेंट जोडलं. स्टेटमेंटमधले बाकीचे व्यवहार झाकून फक्त ती ओळ दाखवली तरी चालतं. दोन दिवसांनी मूल्यांकन झालं.

ड्युटी आली 5,740 रुपये. ती फक्त वस्तूच्या किमतीवर नसते. किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर मूळ सीमाशुल्क लागतं, त्या शुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. रुपयात रूपांतर होतं ते कस्टमने जाहीर केलेल्या दराने, आपल्या बँकेच्या नाही. दर बदलत असतात, म्हणून माझा आकडा तुमच्यासाठी गृहीत धरू नका, मागवण्याच्या आठवड्यात बघून घ्या. कुरिअरचं क्लिअरन्सचं वेगळं बिल 1,100 रुपयांचं झालं. ते आधी कुणी सांगत नाही, तेव्हा विचारा.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पार्सल घरी आलं. बाबांनी डायनिंग टेबल पुसून कोरडं केलं, पंखा बंद करायला लावला आणि दोघांनाही हात धुवून यायला सांगितलं. कागद बाहेर आल्यावर त्यांनी टॉर्च आडवा धरला. चित्राच्या चारही बाजूंनी पत्र्याच्या कडेची दबलेली खूण स्पष्ट उठून आली. मग भिंग लावून ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

“अगं, हे दोर बघ,” शेवटी ते म्हणाले. “एकेक दोर हाताने ओढलाय. चुकलं असतं तर पत्रा ठोकून, घासून पुन्हा करावा लागला असता. आमच्याकडे एन्ग्रेव्हर असं भिंग डोळ्याला लावून महिनोन् महिने बसायचे.”

मी जहाज बघत होते, बाबा काम बघत होते. धुराच्या लोटातून ‘एशिया’च्या डोलकाठ्या वर आलेल्या आहेत. लढाईत तिची मागची डोलकाठी तोफगोळ्यांनी पडली, आणि इथे त्या जागी तुटका बुंधा आणि पाण्यात लोंबणारा दोरखंडांचा गुंता आहे. नौकाचित्रांत मला हीच गोष्ट आवडते. चित्रकार जहाज ओळखून काढतोय की अंदाजाने, हे दोरांवरून लगेच कळतं. सतराव्या शतकातला थोरला विलेम व्हान डे वेल्डे लढाई चालू असताना छोट्या होडीतून मध्ये जाऊन रेखाटनं करायचा. त्याच्या मुलाने पुढे त्यावरून तैलचित्रं केली. पुढच्या सगळ्या नौकाचित्रकारांना हा धाक राहिला की खलाशाने चित्र बघितलं तर त्याला पटलं पाहिजे.

आता फ्रेम. मेन रोड, रविवार कारंजा, शालिमार या भागात मी बऱ्याच फ्रेमवाल्यांकडे बोलले. बहुतेकांची रीत एकच: हार्डबोर्डवर फेविकॉल, त्यावर चित्र दाबून चिकटवायचं, वर काच. लग्नाच्या फोटोला ते ठीक आहे. जुन्या कागदाला नाही, कारण चिकटवलेलं पुन्हा सुटत नाही आणि हार्डबोर्डमधलं आम्ल कागदात उतरून तो पिवळा, ठिसूळ होतो. एका फ्रेमवाल्या काकांनी मात्र माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, “ताई, चिकटवलं नाही तर पावसाळ्यात कागद फुगेल ना?” प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर असं की तो फुगायलाच हवा आणि उन्हाळ्यात परत आवळायलाही हवा. म्हणून त्याला वरच्या कडेला फक्त दोन ठिकाणी जपानी कागदाच्या पट्टीने टांगायचं, बाकी मोकळा सोडायचा. चारी बाजूंनी बांधला तर लाटा पडतात.

काका म्हणाले, मग हे काम आत्ता करूच नका, पावसाळा जाऊ द्या. मला तो सल्ला पटला. जूनपासून नाशिकच्या हवेत इतका ओलावा असतो की तेव्हा बंद केलेल्या फ्रेममध्ये तोच ओलावा कोंडून राहतो. जवळजवळ सहा महिने प्रिंट आम्लमुक्त कागदात गुंडाळून, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, कपाटाच्या मधल्या कप्प्यात आडवी ठेवली. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळलं. सिलिका जेलच्या पुड्या आलटून पालटून उन्हात वाळवल्या. डांबराच्या गोळ्या ठेवल्या नाहीत. कसर लागू नये म्हणून दर पंधरवड्याला उघडून बघत होते. या काळात प्रिंट दिसत नाही, फक्त सांभाळावी लागते, आणि खरं सांगते, हा भाग मला कस्टमपेक्षा जड गेला.

दरम्यान सामान जमवलं. आम्लमुक्त माउंटबोर्ड मुंबईहून मागवला, जपानी कागद आणि शुद्ध केलेला गव्हाचा स्टार्चही तिथूनच. आईने विचारलं, कुरडयांच्या चिकाचीच खळ ना ही, विकत कशाला आणायची? तत्त्व तेच आहे. पण घरच्या चिकात गव्हातलं ग्लूटेन थोडंफार राहतं आणि त्याने पुढे कागद डागळतो, किडेही येतात. म्हणून शुद्ध स्टार्च. ही खळ पाण्याने सुटते, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाला फ्रेम बदलायची झाली तरी प्रिंटला धक्का नाही.

दिवाळी आटोपल्यावर काकांच्या दुकानात पूर्ण दुपार बसून काम केलं. खिडकीसारखा कापलेला माउंट घातला, म्हणजे कागद काचेला टेकत नाही. पत्र्याची दाबखूण आणि खालची ओळ दिसेल एवढी खिडकी मोठी ठेवली. काचेऐवजी अतिनील किरण रोखणारं अॅक्रिलिक घेतलं. मागे आम्लमुक्त बोर्ड, आणि फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. सागवानी पट्टीची साधी चौकट. सगळं मिळून 8,600 रुपये. काकांनी मजुरी सांगितली त्यापेक्षा कमीच घेतली आणि उरलेला माउंटबोर्ड ठेवून घेऊ का, असं विचारलं. त्यांनी त्यानंतर आणखी दोघांच्या जुन्या चित्रांना याच पद्धतीने फ्रेम केली आहे.

भिंत निवडताना पश्चिमेची खिडकी समोर नको, पावसाची झड लागणारी बाहेरची भिंत नको आणि स्वयंपाकघराला लागून नको, एवढं बघितलं. आमच्याकडे हॉल आणि बेडरूममधली आतली भिंत उरली. एकूण खर्च 40,000 रुपयांच्या आसपास गेला, त्यात प्रिंटची स्वतःची किंमत निम्म्याहून कमी. बजेट ठरवताना हे प्रमाण डोक्यात ठेवा.

2025 च्या ऑगस्टमध्ये, पहिला पावसाळा भरात असताना, फ्रेम उतरवून मागची बाजू तपासली. बुरशी नाही, नवे ठिपके नाहीत, कागदाला अगदी हलकी लाट आली होती आणि ती ऑक्टोबरमध्ये आपोआप बसली. बिल, ड्युटीची पावती, कस्टमला दिलेला खुलासा आणि विक्रेत्याचे मेल यांच्या प्रती एका पाकिटात घालून ठेवल्या आहेत, कारण पुढे विकायची, विमा काढायची किंवा नुसतं कुणाला दाखवायची वेळ आली तर प्रिंटचा प्रवास सांगणारी तेवढीच कागदपत्रं असतात. त्या पाकिटात मी एक कागद वेगळा घातला आहे. त्यावर लिहिलं आहे: जहाज ‘एशिया’, मुंबईची गोदी, 1824, बांधणारे वाडिया.